कार्डावरची चौथी ओळ

आधीच सांगून टाकतो, मी मत्सरी माणूस आहे. शेजाऱ्याने नवी गाडी घेतली, मेहुण्याने घरामागे काचेची खोली बांधली, त्याचं मला काही वाटत नाही. माझं पोट एकाच गोष्टीने दुखतं. जो दोष मला सापडला नाही तो दुसऱ्या कुणाला सापडला, की मला जेवण जात नाही. आणि एकतीस वर्षं मी पोट भरलं ते दोष शोधूनच, तेव्हा विचार करा.

आमच्या लेस्टरच्या मंडळात कुणी विचारलं, ‘काका, तुम्ही काय करत होतात?’ आणि मी म्हटलं, ‘पिस्तुलं नीट करत होतो,’ की समोरचा माणूस चहाचा कप सांभाळत एक पाऊल मागे सरकतो. मग हमखास विचारतो, ‘पण इथे तर बंदी आहे ना?’ आहे की. मी केनच्या दुकानात लागलो त्यानंतर काही वर्षांतच छोट्या पिस्तुलांवर बंदी आली. मला वाटलं, झालं, आता पुन्हा फॅक्टरीत फिटर. पण इंग्रज माणूस छंद सोडत नाही, तो कायदा नीट वाचतो. कायद्यात लांबीची अट होती. मग लोकांनी रिव्हॉल्व्हरला फूटभर नळी बसवली, मुठीच्या मागे एक सळई लावली, आणि झाली कायदेशीर. दिसायला मात्र ध्यान. माझी बायको शैला तिला पहिल्या दिवसापासून ‘शेपटीवाली’ म्हणते. लायसन्ससाठी पोलीस घरी येतात, भिंतीला बोल्ट केलेलं लोखंडी कपाट हलवून बघतात, आणि ‘कुणाशी भांडण वगैरे?’ असंही विचारतात.

केनचं दुकान गावाबाहेर, मागे वर्कशॉप, त्यामागे क्लबची रेंज. आमच्या गिऱ्हाइकांतले निम्मे लोक काडतुसं घरीच भरायचे. बाहेरच्यांसाठी सांगतो, काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाला टिकली, आत दारू, आणि तोंडाशी शिशाची गोळी. एकदा उडवल्यावर पुंगळी उरते. ती धुवायची, हातप्रेसवर डायमधून, म्हणजे पोलादी साच्यातून, काढून पुन्हा मापात आणायची, नवी टिकली बसवायची. मग दुसऱ्या डायने तिचं तोंड जरासं उघडायचं, दारू मोजून घालायची, गोळी बसवायची आणि तोंड पुन्हा आत दाबून बंद करायचं. या शेवटच्या दाबण्याला इंग्लिशमध्ये क्रिम्प म्हणतात. मी केनला एका दिवाळीत शैलाच्या हातची करंजी दाखवून म्हटलं होतं, हे बघ, आमच्याकडे याला मुरड म्हणतात. त्या दिवसापासून सबंध वर्कशॉपमध्ये तोच शब्द. सहा फुटी लाल चेहऱ्याचा इंग्रज काउंटरवर काडतूस ठेवून ‘अर्वी, इज माय मुरड ऑल राइट?’ असं मला विचारतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

माझ्याकडे यायच्या त्या तक्रारी एकाच साच्याच्या. ‘महिन्यापूर्वी सहाच्या सहा गोळ्या चहाच्या बशीत मावत होत्या, आता ताटभर पसरतात.’ यात संशयित तीनच. बंदूक, काडतूस आणि माणूस. नियम एकच, केनने पहिल्या दिवशी शिकवलेला: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि फरक पडला, तर कशाने पडला ते देवालाही सांगता येणार नाही.

प्रत्येक केसचं एक कार्ड असायचं, पोस्टकार्डाएवढं. पहिली ओळ बंदूक, दुसरी काडतूस, तिसरी माणूस. तपासून झालं की त्यापुढे ‘ठीक’ किंवा काय सापडलं ते लिहायचं. चौथी ओळ कारणाची, आणि खाली ज्याला कारण सापडलं त्याची अक्षरं. कार्ड किटलीच्या वरच्या बोर्डावर महिनाभर लटकायचं. बोर्डावर अर्ध्याहून जास्त कार्डांवर ए. एस., म्हणजे माझीच अक्षरं असायची. चहा करताना मी ती मोजायचो. माणसाला काहीतरी नाद असतोच.

एक डेंटिस्ट यायचे, गुजराती, बेलग्रेव्ह रोडजवळ दवाखाना. त्यांच्या गोळ्या कागदाला आडव्या भोकं पाडायला लागल्या, म्हणजे हवेत गडगडत जात होत्या. त्यांनी दारू तीनदा बदलली, डाय बदलली, चष्मासुद्धा बदलला. मी नळीत मऊ शिशाचा तुकडा ठोकून दुसऱ्या बाजूने काढला आणि मापला, मग त्यांची गोळी मापली. गोळी केसभर बारीक होती. नळीच्या आट्यांना ती पकडच देत नव्हती, नुसती घसरत होती आणि जाताना शिसं फासत होती. ‘डॉक्टर, दातात भरता ते सैल बसलं तर चालतं का?’ मी विचारलं. ते खजील झाले. गोळ्या ओतायचा साचा मित्राकडून आणला होता म्हणे. कार्डावर ए. एस.

केंब्रिजहून एक शास्त्रज्ञ यायचा. त्याच्याकडे वहीत सगळं लिहिलेलं, तराजू आमच्यापेक्षा भारी. पण हुशार माणसाला धीर नसतो, तो एका दिवसात पाच गोष्टी बदलून यायचा आणि मग मलाच आलेख दाखवायचा. त्याला मी सहा महिने एकच वाक्य ऐकवलं. शेवटी त्याची गोळी बसली जागेवर, पण आभार त्याने मानले ते शैलाचे. ते कसं, ते आता येतंच.

शैला तेव्हा हॉस्पिटलमध्ये रक्त काढायच्या कामावर होती. फ्लेबॉटॉमिस्ट. सकाळपासून दुपारपर्यंत माणसांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, सुई घालायची. तिच्या हाताला कंप म्हणून नाही. शनिवारी ती मला डबा घेऊन रेंजवर यायची आणि मागच्या बाकावर बसून पेपर वाचायची.

त्या सुमारास एक रिटायर्ड मेजर माझं डोकं खात होता. त्याच्या गोळ्या खाली डावीकडे जायच्या. मी त्याची नळी मापली, सिलिंडर तपासलं, काडतुसं फोडून दारू वजन केली. दोन आठवडे गेले. मेजर म्हणे, काडतुसातच खोट आहे, आर्मीत माझं कधी असं झालं नाही. त्या शनिवारी शैलाने पेपर खाली ठेवला आणि मराठीत म्हणाली, “अहो, हे गृहस्थ दचकतात.”

“कोण दचकतं? आर्मीतला माणूस आहे तो.”

“असेल. पण आवाज व्हायच्या आधी त्यांची मान आत जाते. माझ्याकडे सुई टोचायच्या आधी लोक असंच करतात. रोज बघते मी.”

केनला मराठी येत नाही, पण शैलाने मान आत घेऊन दाखवली ती त्याला कळली. त्याने मेजरच्या सिलिंडरमध्ये, मेजरला न सांगता, भरलेल्या काडतुसांत दोन रिकामी मिसळली. रिकाम्यावर घोडा पडला, आवाज झाला नाही, आणि नळी मात्र चांगली वीतभर खाली गेली. सगळ्यांनी पाहिलं. मेजर स्वतःच हसायला लागला. केनने कार्ड भरलं, तिसऱ्या ओळीत ‘दचकतो’ असं लिहिलं, आणि खाली एस. एस. अशी अक्षरं घातली. शैला साळवी.

घरी येताना मी गाडीचे गिअर उगाच जोरात टाकत होतो. ती म्हणाली, “काय झालं?” मी म्हटलं, “ट्रॅफिक.” रविवारी सकाळी असते तशी रस्त्यावर सामसूम होती.

पुढच्या वर्षी शैलाने स्वतःचं लायसन्स काढलं. मला वाटलं, हौस आहे, दोन महिन्यांत जिरेल. जिरली नाही. गॅरेजमध्ये एका बाजूला तिचा प्रेस, तिच्या डाय, तिचे डबे. प्रत्येक डब्यावर चिठ्ठी: तारीख, दारू किती, गोळी कोणती. आणि डाय जिथे सेट केली तिथे, डाय आणि तिला त्या उंचीवर अडकवून ठेवणारी लॉकरिंग या दोघींवरून लाल नेलपॉलिशची एक उभी रेघ. रिंग हलली तर रेघ तुटलेली दिसावी म्हणून. मी तेव्हा वीस वर्षं डाय सेट करत आलो होतो, मला हे कधी सुचलं नाही. केनने ती रेघ पाहिली आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नेलपॉलिशची बाटली आणून ठेवली.

मग सुरू झालं. काउंटरवर लोक मला ओलांडून मागे बघायचे. ‘मिसेस साळवी आज आहेत का?’ तो केंब्रिजवाला तर सरळ म्हणाला, तुमचं म्हणणं बरोबरच होतं हो, पण त्यांनी सांगितल्यावर मला समजलं. मी सहा महिने सांगितलेलंच वाक्य! माझा नुसता तीळपापड. वरून हसायचो, “हो हो, बायको आहे कुणाची!” आणि आतून जळायचो. क्लबच्या हिवाळी शूटमध्ये तिने मला अकरा पॉइंटांनी हरवलं. मी म्हटलं, माझा चष्मा. ती म्हणाली, “चष्मा कालच साफ करून दिला मी.”

तुम्ही म्हणाल, स्वतःच्या बायकोचा कसला मत्सर? परक्याचा मत्सर दुकानात कोंडून घरी जाता येतं. हा माझ्याच टेबलावर बसून मला पोळी वाढत होता.

आता मूळ गोष्ट. काउंटीच्या टीममध्ये एक जागा रिकामी झाली आणि केनने शैलाचं नाव सुचवलं. मे महिन्यात ट्रायल होती. शैलाला ती जागा किती हवी होती ते मला एकट्याला माहीत होतं. तिच्या शूटिंगच्या जाकिटावर क्लबचे दोन-तीन बिल्ले होते, सगळे उजवीकडे शिवलेले. डावा खिसा मोकळा. मी विचारलं तर म्हणाली, “ती जागा ठेवलीय.” बाविसाव्या वर्षी लग्न करून आली, दोन मुली वाढवल्या, हॉस्पिटलची नोकरी केली. “आजवर मला कुणी कशाला निवडलं नाही हो,” असं एकदा कपडे वाळत घालताना म्हणाली होती. “तुम्ही सोडून. आणि तुम्हीसुद्धा फोटो बघून.”

ट्रायलच्या महिनाभर आधी वर्कशॉपमधली तोंड उघडायची डाय तडकली. एका गिऱ्हाइकाचं काम अडलं होतं, म्हणून मी सोमवारी गॅरेजमधून शैलाची नेली. त्या माणसाच्या पुंगळ्या घासून आखूड केलेल्या, म्हणून डाय जरा खाली घ्यावी लागली. शुक्रवारी परत आणून तिच्या प्रेसवर चढवली. रिंग परत फिरवायची राहिली. यात लबाडी नव्हती. विसरलो, एवढंच.

शनिवारी शैलाने ट्रायलसाठी म्हणून मोठा घाणा भरला. रविवारी रेंजवरून आली ती चेहरा पाडूनच. “अहो, ताटभर पसरतायत.”

सोमवारी ती कामावर गेल्यावर मी गॅरेजमध्ये गेलो. तिच्या डब्यातलं एक काडतूस घेतलं, अंगठ्याने गोळी दाबली. गोळी आत सरकली. पुंगळीचं तोंड जास्त उघडलं गेलं होतं, पकडच नव्हती, नुसत्या मुरडीवर अडकलेली. कुठली जास्त सैल, कुठली कमी, मग दारू प्रत्येक वेळी वेगळ्या जोराने पेटणार आणि गोळी वर-खाली जाणार. डायकडे बघितलं. लाल रेघ तुटलेली, रिंगेवरचा तुकडा पाव फेरा बाजूला. दहा मिनिटांत सापडलं. माझीच करणी होती.

संध्याकाळी सांगायचं ठरवलं होतं, देवाशपथ. तिच्यासाठी चहासुद्धा टाकला होता. तेवढ्यात केनचा फोन. माझ्याशी ‘हॅलो अर्वी’ करून म्हणाला, शीला आहे का? शैला त्याच्या तोंडी कायम शीलाच. ती यायची होती, तर मलाच सांगून टाकलं. म्हणाला, टीमचा कॅप्टन भेटला होता, तो म्हणतो ती आलीच म्हणून समज. आणि ऐक, तू रिटायर झालास की तुझं टेबल मी तिला द्यायचं म्हणतोय. तुला आनंदच होईल.

मी म्हटलं, “ऑफ कोर्स.”

फोन ठेवला. माझं टेबल. त्याच्या कडेला माझ्या मनगटाने पॉलिश उतरलंय, त्या टेबलावर ती. शैला आली, कोट काढता काढताच तिने विचारलं, “बघितलीत का डाय?”

“बघितली.”

“मग?”

“डाय ठीक आहे. तुझी ग्रिप सैल पडतेय.”

हे मी बोललो. ज्या माणसाने हजार लोकांना काडतुसाचा दोष काडतुसात आणि माणसाचा दोष माणसात दाखवला, त्याने.

तिने लगेच मानलं. हेच तर वाईट. एक प्रश्न विचारला नाही. माझ्या शब्दावर तिचा एवढा विश्वास होता आणि मी त्याच विश्वासाला हात घातला. दुसऱ्या दिवसापासून ती रबराचा चेंडू दाबायला लागली. बसमध्ये, टीव्हीसमोर, जेवताना डाव्या हाताने घास आणि उजव्यात चेंडू. मनगट सुजलं, त्यावर क्रेप बँडेज बांधून ती रेंजवर जायची, गोळ्या पसरायच्या, आणि ती आणखी घट्ट धरायची. सैल गोळी आत सरकली तर दाब वाढतो, हे मला माहीत होतं. तिचा भरणा हलका आहे, धोका नाही, हे मी तिच्या चिठ्ठीवरून पुन्हा पुन्हा तपासून बघायचो. म्हणजे इतकी अक्कल जागी होती. फक्त तोंड उघडत नव्हतं. रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, आता सांगितलं तर आधी का नाही सांगितलं हेही सांगावं लागेल. असे तीन आठवडे मी मूग गिळून बसलो.

ट्रायलला मीच गाडी चालवली. चार पॉइंटांनी तिची जागा गेली. जी बाई निवडली गेली ती येऊन शैलाला मिठी मारून गेली. परत येताना मोटरवेवर शैलाने मनगटाचं बँडेज सोडून गुंडाळलं. मग म्हणाली, “मीच कमी पडले हो. तुम्ही सांगितलं होतंत ग्रिपचं, तरी जमलं नाही मला.”

मी इंडिकेटर दिला आणि लेन बदलली.

त्या रात्री नाही, पण दोन दिवसांनी मला ते सहन होईना. ती कामावर असताना गॅरेजमध्ये जाऊन मी रिंग पाव फेरा मागे फिरवली. रेघेला रेघ जुळवली. मनात म्हटलं, झालं गेलं गंगेला मिळालं, आता तरी तिच्या गोळ्या नीट जातील, पुढच्या वर्षी जाईल टीममध्ये. चूक दुरुस्त केली म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. इतका गाढवपणा मी आयुष्यात केला नाही, आणि तो फक्त माझ्या धंद्यातलाच माणूस करू शकतो. दुरुस्ती केली की दोष मिटला, ही आमची सवय.

शैलाने महिनाभर प्रेसला हात लावला नाही. मग एका शनिवारी तिने नव्याने पन्नास काडतुसं भरली आणि रेंजवर गेली. तिथून आली ती कागद घेऊन. सहाच्या सहा गोळ्या बशीत. मी म्हटलं, “वा! बघ, ग्रिप जमली शेवटी!”

ती कागदाकडे बघत होती. “ग्रिप कसली? मनगट दुखतंय म्हणून मी तर आज हलकीच धरली होती.”

“मग दारू...”

“दारू तीच. गोळी तीच. टिकली तीच, चिठ्ठी बघा.” मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी काही बदललेलं नाही. मग बदललं कुणी?”

चोराच्या मनात चांदणं. मी बागेत गवत कापायला निघून गेलो.

ती गॅरेजमध्ये गेली. ट्रायलच्या घाण्यातली वीस-बावीस काडतुसं तिने डब्यात जपून ठेवली होती, चिठ्ठीसकट. त्यातलं एक आणि नवीन एक शेजारी ठेवून तिने अंगठ्याने दाबून पाहिलं. मग डाय खाली काढून भिंग लावलं. रेघेला रेघ मी जुळवली होती खरी, पण सुकलेलं नेलपॉलिश एकदा तुटलं की पुन्हा सांधत नाही. मध्ये केसाएवढी फट होती. गवत कापायचं यंत्र बंद करून मी खिडकीतून बघितलं, तर ती तशीच डाय हातात घेऊन स्टुलावर बसलेली.

जेवायला तिने वेळेवर हाक मारली. पोळी वाढली, आमटी वाढली. मला ती ओरडली असती तर किती बरं झालं असतं!

सोमवारी मी दुकानात गेलो तर किटलीच्या वर नवं कार्ड. शैला हॉस्पिटलला जाताना सकाळी टाचून गेली होती. सगळं मराठीत, तिच्या वळणदार अक्षरात.

बंदूक: ठीक.
काडतूस: डायची रिंग फिरलेली. गोळी सैल.
माणूस: ठीक.
कारण: ह्यांना माहीत होतं.

खाली एस. एस.

केन दोन मग घेऊन आला. “शीलाने सोडवलं वाटतं? काय लिहिलंय रे?”

मी म्हणालो, “डायची रिंग घसरली होती.”

“आणि चौथी ओळ?”

“तेच. आपोआप घसरली.”

“बिचारी,” केन म्हणाला, “काय पण नशीब!” आणि दूध आणायला गेला.

शनिवारी शैला आली तेव्हा केनने तिला तेच वाक्य ऐकवलं, काय पण नशीब. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता सांगेल. तिने नुसतं “यस, केन,” म्हटलं आणि मेजरच्या काडतुसांचा डबा उघडला.

पुढच्या हिवाळ्यात तिच्या मनगटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, नोकरीमुळे असेल, वयामुळे असेल, अतिश्रमामुळे असेल. मी चेंडूचं नाव काढलं नाही. तिने काढलं. त्यानंतर हात पुढे करून रिव्हॉल्व्हर धरलं की तिची बोटं बधिर होतात. आता ती वाळूच्या पिशवीवर टेकवून लोकांच्या बंदुका तपासते, स्पर्धेत उतरत नाही. मी रिटायर झालो, माझं टेबल तिला मिळालं. बोर्डावर आता सगळीकडे एस. एस. मी अजूनही कधी दुकानात गेलो की मोजतो. आणि सांगायला लाज वाटते, पण अजूनही जळतो. जाकीट कपाटात आहे. डावा खिसा तसाच मोकळा.

आमच्यात अबोला नाही. जेवणखाण, मुली, नातवंडं, सगळं आहे. फक्त एक गोष्ट गेली. गोळ्या पसरल्या, गाडी आवाज करायला लागली, बॉयलर बंद पडला, तर ती मला विचारत नाही. स्वतः बघते.

हा लेख इथपर्यंत लिहून झाल्यावर मी तिला वाचायला दिला. म्हटलं, “छापू का? तुझी परवानगी असेल तरच.” तिने चष्मा लावून सगळा वाचला, एक-दोन ऱ्हस्वदीर्घ सुधारले.

“छापा की. पण केनला सांगितलंत?”

“नाही.”

“मग याचा काय उपयोग? त्याला मराठी कुठे येतं!” तिने पानं माझ्यापुढे सरकवली. “कार्डाच्या वेळी माझंही चुकलं. तुमची अब्रू राखायला म्हणून मराठीत लिहिलं मी. आता तुम्हीही मराठीतच लिहिताय.”

ते कार्ड तिने इतकी वर्षं ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. ते काढून तिने माझ्या हातात दिलं.

गेल्या शनिवारी मी दुकानात गेलो. शैला माझ्या टेबलावर, म्हणजे तिच्या टेबलावर, एका माणसाच्या पुंगळ्या मापत होती. तिने वर बघितलं नाही. मी केनला कार्ड दिलं आणि म्हटलं, त्या वेळी मी तुला खोटं वाचून दाखवलं होतं, आता खरं वाचतो. तीन ओळी वाचल्या. चौथी इंग्लिशमध्ये फारच लहान होते. ‘ही न्यू.’

केनने चष्मा काढला. आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. तो चिडेल असं मला वाटलं होतं. पण त्याने कारागिराने कारागिराला विचारावं तसा प्रश्न विचारला. “तुला शोधायला किती वेळ लागला?”

शैलाच्या हातातलं मापक थांबलं.

वर मी दहा मिनिटं लिहिलंय. ते खोडत नाही, माणूस कबुली देतानासुद्धा किती खोटं लिहितो ते वाचणाऱ्यांना दिसू दे. काडतुसांच्या डब्याला हात लावायच्या आधीच, गॅरेजच्या दारातून मला ती तुटलेली लाल रेघ दिसली होती.

“एक मिनिटसुद्धा नाही,” मी म्हणालो.